कोंड्याची वाटणी

क्योतोतल्या आमच्या घरात वयाने सगळ्यांत मोठं कोण, असं मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी खालच्या स्वयंपाकघरातल्या बरणीकडे बोट दाखवलं असतं. घरमालकीण मोरिता आजी त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या, पण बरणीतला कोंडा त्यांच्याहूनही जुना होता. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा सासूने तो त्यांच्या हवाली केला होता, आणि सासूच्या हवाली तिच्या सासूने. तांदळाचा कोंडा, मीठ, पाणी, समुद्री शेवाळाची एक पट्टी, दोन-चार लाल मिरच्या आणि एक गंजका खिळा, एवढाच सगळा ऐवज. खिळ्यामुळे वांग्याचा जांभळा रंग टिकतो, असं आजी सांगायच्या. संध्याकाळी त्यात काकडी, वांगं, गाजर पुरायचं, सकाळी काढून धुऊन चिरायचं आणि भाताबरोबर खायचं. चव आंबट, खारट, आणि मागे काहीतरी असं, ज्याला मला आजही शब्द सापडत नाही. मात्र रोज, एकही दिवस न चुकता, त्या कोंड्यात कोपरापर्यंत हात घालून तो तळापासून वर आणावा लागतो. नाहीतर तो मरतो. आजी ‘खराब होतो’ म्हणत नसत, ‘मरतो’ म्हणत.

बाबा तिथल्या विद्यापीठात संशोधन करायचे. कशावर, ते मला आजही धड सांगता येणार नाही. प्रथिनांच्या घड्यांवर काहीतरी. मी चौदा वर्षांची होते आणि सायकलवरून जपानी शाळेत जात होते. आजी खाली राहायच्या, आम्ही वरच्या दोन खोल्यांत. जिना इतका उभा की आई साडीत तो उलटा उतरायची. सकाळी मला जाग यायची ती खालच्या आवाजाने. आधी बरणीचं लाकडी झाकण, मग आजींचं कोंड्याला ‘ओहायो’, म्हणजे सुप्रभात, म्हणणं, आणि मग बराच वेळ चाललेली ती ओली चपचप. त्यानंतर आमच्या कुकरची शिट्टी. पहिल्या दिवशी ती शिट्टी ऐकून आजी हातात झाडू घेऊन वर धावत आल्या होत्या. पुढे त्या शिट्ट्या मोजायला शिकल्या आणि तिसरी झाली की आईला खालून हाक द्यायच्या, “ओकु-सान, डाळ झाली!”

त्यांची आणि आईची भाषा म्हणजे नुसती गंमत होती. आईला जपानी येत होतं ते भाजीबाजारापुरतं, आणि आजींना मराठी फक्त ‘बस’ आणि ‘पुरे’. तरी दोघी तासन्‌तास बोलायच्या. कचरा वेगळा करायला आजींनीच आईला शिकवलं. जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे, प्रत्येकाचा वार वेगळा. आईने एकदा नारळाची करवंटी पुढे केली आणि ही कुठल्या पिशवीत, असं विचारलं. आजी ती हातात घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि शेवटी सोपं काढलं: त्यात रोप लावलं. बरणीतला कोंडा मात्र आईला समजावून सांगावा लागला नाही. तिने एकदा आत हात घातला, बोट चाटलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “अगं, हे तर विरजण!” त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांत आजी शेजारीण उरल्या नाहीत, घरच्या झाल्या.

पुढे आजींची मनगटं धरली, मग कंबर, आणि शेवटच्या वर्षात बरणी आईकडेच आली. म्हणजे महिन्यातले सव्वीस दिवस आईकडे आणि चार दिवस माझ्याकडे. पाळी आली की आई लोणच्याच्या बरणीला शिवत नसे. परदेशात आल्यावर तिने बाकी सगळं सोडून दिलं होतं. वेगळं बसायला जागाच नव्हती आणि स्वयंपाक तर करावाच लागायचा. पण देव आणि लोणचं, या दोन गोष्टींना त्या दिवसांत हात लागायचा नाही म्हणजे नाही. आपल्या हाताने बरणी नासते, यावर तिचा पक्का विश्वास होता. मलाही वयात आल्यावर तिने पहिल्या पाच मिनिटांत हेच सांगितलं होतं. आमच्या दोघींच्या तारखा वेगळ्या होत्या, त्यामुळे कोंड्याचा एकही दिवस चुकला नाही. आजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. आज माझ्या मुलीला, रेवाला, हे सांगितलं तर ती मान वर न करता जपानीत म्हणते, “आई, हे तू बनवून सांगतेस.”

जूनमध्ये आजी गेल्या. तिकडे एकोणपन्नासाव्या दिवसाला मोठं महत्त्व असतं. तोवर गेलेला माणूस वाटेवर असतो म्हणतात. त्या दिवशी भिक्षू येतो, घरचे जमतात, आणि मग माणसामागे राहिलेल्या वस्तूंची वाटणी होते. आजींना तीन मुलं. थोरले कोइची-सान तोक्योत मोठ्या कंपनीत, मधल्या फुमिको-सान ओसाकात औषधांच्या दुकानात, आणि धाकटे शिनजी-सान पार उत्तरेला मोटरसायकली दुरुस्त करत. आजींना कोणी सांभाळायचं यावरून सहा वर्षांपूर्वी तिघांचं बिनसलं होतं, आणि तेव्हापासून ती तिघं एका खोलीत बसली नव्हती. घराची वाटणी वकिलाने केली. तिघांनी आपापल्या शहरातून कागदावर नावाचे शिक्के उमटवून पाठवले, एकमेकांशी एक शब्दही न बोलता. पण आजींनी एक चिठ्ठी मागे ठेवली होती. ती फुमिको-साननी आम्हाला वाचून दाखवली. घराचं तुम्ही कसंही करा, असं त्यात होतं. कोंडा मात्र माझ्या एकोणपन्नासाव्या दिवशी तिघांनी एकत्र बसून, स्वतःच्या हातांनी वाटून घ्या. तोवर तो या घरातून हलवू नका.

चिठ्ठी वाचून झाल्यावर फुमिको-सान आईपुढे जमिनीला कपाळ टेकवून वाकल्या आणि म्हणाल्या, “तोवर तो जिवंत ठेवाल का?” आई घाईघाईने त्यांना उठवायला गेली आणि म्हणाली, “ठेवीन. माझा शब्द.” आईने जपानीत दिलेला बहुधा तो पहिलाच शब्द होता.

त्यानंतर महिन्याभराने सांगलीहून अण्णामामाचा फोन आला. आजोबा वारून वर्ष झालं होतं. मागे राहिलं होतं घर आणि तासगावकडचा द्राक्षमळा, आणि दोन्ही मामांना आता ते आपल्या नावावर करून घ्यायचं होतं. आईने येऊन हक्कसोडपत्रावर सही करायची होती. फोनवर आई फक्त “हो, हो, येते की” म्हणत होती. फोन ठेवल्यावर बाबांनी विचारलं, “तुला द्यायचंय का सोडून?” आई म्हणाली, “त्यात द्यायचंय काय? सगळ्याच बहिणी देतात. माहेर राहायला हवं ना मला.” आई पंधरा दिवसांसाठी निघाली. निघताना विमानतळाच्या बसमध्ये चढेपर्यंत मला बजावत होती, “रोज सकाळी. तळापासून. विसरलीस तर बघ.”

मी विसरले नाही. खरी अडचण तीच आहे, मी काहीच विसरले नाही. आई गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मला पाळी आली, आणि मला तिचा नियम शब्दन्‌शब्द आठवत होता. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी केलं असतं. पण का करायचं हे सांगावं लागलं असतं, आणि त्यापेक्षा मी मरण पत्करलं असतं. आईला फोन करायचा तर तो मामांच्या दिवाणखान्यात, सगळ्यांच्या देखत. मग मी शहाणपणा केला. झाकण घट्ट लावलं, वर वरवंटा ठेवला आणि चार दिवस त्या खोलीकडे फिरकले नाही. क्योतोचा जुलैअखेरचा उन्हाळा ज्यांनी सोसलाय त्यांना पुढचं सांगायला नको. डोंगरांच्या वाडग्यात वसलेलं गाव, वारा नावालाही नाही. पाचव्या दिवशी न्हाऊन खाली गेले, झाकण उघडलं आणि एकदम मागे सरले. रंगाच्या डब्यासारखा उग्र वास येत होता. वर ओल्या चुन्यासारखा पांढरा थर चढला होता, कडेला करडे ठिपके होते.

मी तिथेच जमिनीवर बसून रडले. तीन पिढ्यांनी सांभाळलेलं मी चार दिवसांत मारलं होतं. दहा दिवसांनी तीन माणसं तीन दिशांनी येणार होती, सहा वर्षांत पहिल्यांदा, आणि त्यांना आईच्या शब्दावर जे मिळणार होतं ते हे. रडून झाल्यावर मला आठवलं की आजी पहिल्यांदा दवाखान्यात गेल्या होत्या तेव्हाही कोंडा बिघडला होता, आणि परत आल्यावर त्यांनी आईकडून काय काय करून घेतलं होतं. वरचा थर काढून टाकायचा. नवा कोंडा, मीठ आणि मोहरीची पूड घालायची. कोबीची जुनी पानं पुरायची, दुसऱ्या दिवशी काढून टाकून द्यायची आणि नवी पुरायची. दिवसातून दोनदा ढवळायचं. आजींच्या कपाटातल्या पुड्यांवर काय लिहिलंय ते मला नीट वाचता येईना, म्हणून मी आईच्या मिसळणाच्या डब्यातली काळी मोहरी मिक्सरमधून काढली आणि घातली. चार मुठी. भीतीच्या मानाने तेवढी तर घालायलाच हवी असं मला वाटलं.

आठव्या दिवशी तो भयंकर वास गेला. नवव्या दिवशी हात आत घातला तर खाली, तळाशी, कोमट लागलं. मला ते अजून हाताला आठवतं. कोणीतरी आत होतं. मी कोंड्याला ‘ओहायो’ म्हटलं आणि मग आजूबाजूला कोणी ऐकलं नाही ना ते पाहिलं.

आई एकोणपन्नासाव्या दिवसाच्या आदल्या दिवशी परतली. मामांनी दिलेली मोरपंखी साडी तिने न उलगडता कपाटात ठेवली. सांगलीचं काही विचारलं तर म्हणायची, “झालं सगळं व्यवस्थित. दोन साक्षीदार, अंगठे, फोटो. दहा मिनिटांचं काम.” तिचा चेहरा पाहून मी कोंड्याचं काही बोलले नाही. सकाळी सांगू, असं म्हणत सकाळही गेली.

दुसऱ्या दिवशी भिक्षू मंत्र म्हणून गेला. सगळे खालच्या खोलीत बसलो. कोइची-सान काळ्या सुटात, ताठ. शिनजी-सानच्या नखांत वंगण होतं, आणि ते सारखे हात मांड्यांखाली लपवत होते. मध्ये वर्तमानपत्रं अंथरून बरणी ठेवली होती. फुमिको-साननी आत हात घातला, पहाटे मी पुरलेली काकडी काढली, धुऊन चिरली आणि पहिली फोड स्वतः खाल्ली. चावता चावता थांबल्या.

“चव बदललीय,” त्या हळूच म्हणाल्या. “ही आईची चव नाही.”

जपानी माणसं गप्प बसतात तेव्हा खोली लहान होत जाते. मग आई पुढे सरकली, वाकली आणि मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाली, “मी गावाला गेले होते. चूक माझी आहे. माझा शब्द मोडला. माफ करा.” तिला काय झालं होतं याची कल्पनाही नव्हती, आणि ती माझ्यासाठी कपाळ टेकून बसली होती. ते मला बघवेना. मी म्हणाले, “चूक माझी आहे,” आणि मग सगळं सांगितलं. दोन परक्या पुरुषांसमोर पाळीसाठीचा शब्द उच्चारला. नियम सांगितला, चार दिवस सांगितले, पांढरा थर, मोहरी, सगळं. माझे कान इतके तापले होते की आपल्याच आवाजाशिवाय मला काही ऐकू येत नव्हतं.

फुमिको-सान उठून माझ्याजवळ येऊन बसल्या. रागावतील म्हणून मी खांदे आवळून घेतले. त्या म्हणाल्या, “माझा जन्म झाला त्या सकाळी आईला कळा सुरू झाल्या होत्या. तिने आधी कोंडा ढवळला आणि मग दवाखान्यात गेली. दर महिन्याच्या त्या दिवसांतही तिचा हात यात होताच. तिच्या सासूचाही होता, आणि तिच्या सासूचाही. एक दिवससुद्धा सुटला नाही. मग ही चव कशाची बनलीय, असं वाटतं तुला?”

मी बरणीकडे पाहिलं. त्या क्षणी मला जे वाटलं ते नंतर मी मोठमोठ्या देवळांत, बर्फाच्या डोंगरांपुढे शोधलं, पण तसं पुन्हा सापडलं नाही. त्या करड्या चिखलात किती बायकांचे हात होते! आजारातले, बाळंतपणातले, लढाईच्या काळातले, त्या चार-चार दिवसांतले. आणि एवढं होऊन तो नासला नव्हता, उलट त्यामुळेच तर जगला होता. नासला होता तो फक्त मी हात काढून घेतला तेव्हा. मी आईकडे पाहिलं. तीही बरणीकडेच बघत होती, आणि तिचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं.

तेवढ्यात शिनजी-साननी एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि एकदम खोकले. “तिखट आहे! कुठली मोहरी ही?”

“सांगलीची,” मी म्हणाले.

ते हसले. मग कोइची-सानसुद्धा तोंड फिरवून हसले. सहा वर्षांनी भाऊ एकत्र हसले ते आईच्या डब्यातल्या मोहरीवर, हे मी आजही सगळ्यांना सांगत असते.

पण वाटणीपाशी पुन्हा घोडं अडलं. आधी कोणी घ्यायचं? तू घे, नाही तू घे, आपण घ्या, छे छे, आधी आपण. त्या देशात हे अर्धा दिवस चालू शकतं. शेवटी कोइची-साननी आईला विचारलं, “तुमच्याकडे कसं करतात?”

“आमच्याकडे थोरला भाऊ वाटे करतो,” आई म्हणाली. “आणि पहिला वाटा सगळ्यांत धाकट्याने उचलायचा. थोरल्याला उरेल तो. म्हणून थोरला वाटे अगदी सारखे करतो.”

कोइची-साननी हे दोनदा मनाशी घोळवलं आणि म्हणाले, “फार हुशार माणसं आहात.”

“आणि मुली?” फुमिको-साननी विचारलं. “मुली कधी उचलतात?”

आईने बरणीच्या काठावरचा कोंडा बोटाने आत सारला. मग म्हणाली, “मुली सही करतात.”

फुमिको-सानना ते कळलं की नाही मला माहीत नाही. कोइची-सानना बहुतेक कळलं. त्यांनी कोट काढला, बाह्या दुमडल्या आणि दोन्ही हात बरणीत घातले. ओंजळीने कोंडा काढून ते वर्तमानपत्रावर ढीग करू लागले. इकडचा चिमूटभर तिकडे, तिकडचा इकडे, डोकं कलतं करून, अगदी लहान मुलासारखे. पूर्ण झाल्यावर मागे सरकून बसले. ढीग चार होते.

“तुम्ही तिघं आहात,” आई म्हणाली.

“हात ज्याचा, त्याचा वाटा,” ते म्हणाले. “चौथा तुमच्या घरचा. आणि तुमच्याच नियमाने पहिला वाटा सगळ्यांत धाकट्याने उचलायचा आहे.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या ताठ माणसाने मान खाली केली.

मी हलूच शकले नाही. शेवटी आईने मला पाठीत कोपराने ढोसलं, तेव्हा मी सरकून दाराजवळचा ढीग उचलला. वर नेऊन डब्यात भरताना त्यात खिळा सापडला. परत द्यायला धावले तर शिनजी-सान मोटरसायकलवर बसत होते. म्हणाले, “नियम म्हणजे नियम.” तो खिळा आज तोक्योजवळच्या ग्योतोकुतल्या माझ्या स्वयंपाकघरात आहे, आणि वांगी अजून जांभळी निघतात.

आम्ही तो वाटा वरच ठेवला. आठवड्यातच त्यात नवा कोंडा घालून डबा पुन्हा भरला, जणू वाटणी झालीच नव्हती. तिघांकडेही तसाच भरला असणार. इतर कुठलीही मालमत्ता वाटली की कमी होते, याचं नवल मला तेव्हापासून आहे, ते आजतागायत ओसरलेलं नाही.

महिन्याच्या शेवटी मला पाळी आली. सकाळी सवयीने मी डब्यापासून लांब, खिडकीशी जाऊन बसले. आई ओट्याशी तांदूळ धूत होती. तिने हात पुसले, डबा उचलून माझ्यापुढे ठेवला आणि झाकण काढलं.

“घाल हात,” ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघत राहिले. ती पुन्हा ओट्याकडे वळली होती आणि तांदळाचं पाणी बदलत होती. मी बाही वर केली आणि हात तळापर्यंत घातला. आत कोमट होतं. मी ढवळायला लागले. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे पाठ ठेवूनच आई म्हणाली, “सही करायला नको होती गं मी.”